हजेरीपटातला ५२

मी पाचवीत आपल्या शाळेत आलो तेव्हा सहामाही होऊन गेली होती. हजेरीपट अकारविल्हे भरलेला, वर्गात ५१ मुलं. माझं नाव सगळ्यांच्या खाली, वेगळ्या शाईत, ५२ क्रमांकावर चढलं. आठवड्याभरात मुलं मला ‘बावन्न’ म्हणायला लागली. चिडवायचं म्हणून नव्हे. नाव कुणाच्या ध्यानात राहिलं नाही, आकडा राहिला. महिन्याभरात मीही त्या हाकेला वळून बघू लागलो.

हे मी पार विसरलो होतो. या वर्षी मुलीबरोबर ‘स्पिरिटेड अवे’ बघायला बसलो आणि सगळं वर आलं. हायाओ मियाझाकी यांचा हा २००१ सालचा जपानी ॲनिमेशनपट, २००३ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. माझी मुलगी दहा वर्षांची, त्यातली चिहिरोही दहाचीच. नव्या घरी राहायला निघालेली, गाडीत मागच्या सीटवर रुसून आडवी पडलेली, जवळ निरोपाचा गुच्छ आणि कार्ड. वाटेत आईवडिलांची डुकरं होतात आणि ती देवांच्या, भुताखेतांच्या स्नानगृहात अडकते. तिथली मालकीण युबाबा तिला कामावर ठेवते, पण करारावर नाव लिहून घेते, आणि कागदावरची अक्षरं अलगद उचलून मुठीत घेते. खाली एकच अक्षर उरतं.

चिहिरो हे नाव जपानी लिपीत दोन चिन्हांत लिहितात. पहिल्याचा अर्थ हजार, दुसऱ्याचा वाव, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं अंतर. हजार वाव खोल, असं त्या पोरीचं नाव. त्यातलं ‘हजार’ तेवढं राहतं, आणि एकटं पडल्यावर त्याचा उच्चारही बदलतो: सेन. नावाचा आकडा झाला. मी चित्रपट थांबवला, मागे नेला, पुन्हा बघितला. मुलगी वैतागली. “बाबा, पुढे जाऊ दे ना!” तिला डुकरं झालेल्या आईवडिलांची काळजी लागली होती. माझा जीव त्या मुठीत अडकला होता.

पुढे हाकु नावाचा मुलगा तिला तिचे कपडे परत आणून देतो. त्यात ते निरोपाचं कार्ड असतं. त्यावरचं नाव वाचल्यावर तिला कळतं, आपण हे विसरतच चाललो होतो. मग ती भाताचा गोळा खाते आणि खाता खाता तिच्या डोळ्यांतून टपोरे थेंब गळायला लागतात. माझी अवस्था काही वेगळी नव्हती.

कारण मला आमच्या वर्गशिक्षिका बाई दिसत होत्या. एकदा हजेरीच्या वेळी मागच्या बाकावरून कुणीतरी “ए बावन्न” म्हणून ओरडलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. बोलल्या काहीच नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आकड्यांनी हजेरी घेणं बंद केलं. रोज ५२ नावं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. सर्वांत शेवटी माझं. ते उच्चारून त्या चष्म्यावरून बघत, आणि मी मान वर करेपर्यंत पट मिटत नसत. वर्ष संपेपर्यंत एकही दिवस त्यांनी हे चुकवलं नाही. सहावीत गेलो तेव्हा ‘बावन्न’ कुणी म्हणत नव्हतं.

चिहिरोला नाव जपायला सांगणारा हाकु स्वतःचं नाव मात्र हरवून बसलेला असतो. तिला आठवतं, लहानपणी ती कोहाकु नावाच्या नदीत पडली होती आणि नदीनेच तिला उथळ पाण्यात आणून सोडलं होतं. ती नदी पुढे बुजवली, वर इमारती झाल्या. हाकु म्हणजे तीच नदी. ती ते नाव उच्चारते, आणि ड्रॅगन झालेल्या हाकुच्या अंगावरचे खवले पाकळ्यांसारखे सुटून वाऱ्यावर जातात.

चित्रपट संपल्यावर मी मुलीला बावन्नची गोष्ट सांगितली. तिने लगेच विचारलं, “मग त्या बाईंचं नाव काय?”

मला आडनाव सांगता आलं. सगळी वर्षं आम्ही आडनावापुढे ‘बाई’ लावूनच त्यांना ओळखलं.

स्मरणिका समितीला माझी मनापासून विनंती आहे. जुन्या दप्तरात त्यांचं पूर्ण नाव सापडलं, तर ते या लेखाखाली माझ्या नावाच्या आधी छापावं.