राझग्राद : सलग 14 वेळा बल्गेरिया जिंकणाऱ्या क्लबच्या गावात

लुदोगोरेत्स या फुटबॉल क्लबची मॅच राझग्रादमध्ये जाऊन बघायची असेल, तर विमानाचं तिकीट सोफियाचं काढू नका, बुखारेस्टचं काढा. राझग्राद बल्गेरियाच्या ईशान्य भागात आहे. सोफियाहून रस्त्याने साधारण साडेतीनशे किलोमीटर. हेमुस महामार्ग अजून सलग झालेला नाही, त्यामुळे मधला मोठा पट्टा जुन्या रस्त्यावरून, ट्रकांच्या मागे रखडत काढावा लागतो. पाच तास धरूनच चला. बुखारेस्टहून मात्र तास-सव्वा तासात डॅन्यूबकाठचं जुर्जू येतं, 1954 सालचा पूल ओलांडला की बल्गेरियातलं रूसे, आणि तिथून राझग्राद 65 किलोमीटर. मुंबईहून इस्तंबूल किंवा आखातामार्गे एका थांब्यात बुखारेस्ट गाठता येतं.

या पुलाची दोन वर्षांची दुरुस्ती 2024 च्या जुलैत सुरू झाली आणि एका मार्गिकेवरून आलटून-पालटून वाहनं सोडायला लागली. निघायच्या दिवशी पुलाची स्थिती बघून घ्या. रांग लागली तर दोन तास सहज जातात. दोन्ही देश 1 जानेवारी 2025 पासून पूर्णपणे शेंगेनमध्ये आहेत, त्यामुळे एकच व्हिसा पुरतो. फक्त ज्या देशात जास्त रात्री राहणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. बुखारेस्टला उतरून मुक्काम बल्गेरियात असेल तर अर्ज बल्गेरियाकडे. 1 जानेवारी 2026 पासून बल्गेरियात युरो चालतो. घरात कुणाकडे जुन्या सहलीतले लेव्ह (तिथलं आधीचं चलन) पडून असतील तर त्यांचा कायमचा दर एका युरोला 1.95583 लेव्ह असा आहे.

रेल्वेचा विचार मोहात पाडतो. रूसे–वार्ना हा आजच्या बल्गेरियाच्या भूमीवरचा सगळ्यात जुना लोहमार्ग, 1866 चा, आणि राझग्राद स्टेशन त्याच मार्गावर आहे. पण ते स्टेशन शहरात नाही, काही किलोमीटर बाहेर आहे. संध्याकाळी उतरलात आणि बाहेर टॅक्सी नसली की पंचाईत. बॅग घेऊन जाणाऱ्याने रूसेहून बस पकडावी, ती शहरात सोडते. परतीची शेवटची बस लवकर जाते हे मात्र लक्षात ठेवा, कारण संध्याकाळच्या मॅचनंतर ती मिळणार नाही.

आता मॅच कुठली निवडायची. इथेच बहुतेकांचा बेत फसतो. जुलै-ऑगस्टमध्ये युरोपीय स्पर्धांच्या पात्रता फेऱ्या असतात आणि गावात उत्साहही असतो, पण पुढच्या फेरीत कोण येणार आणि मॅच घरी आहे की बाहेर, हे आपला व्हिसा होण्याइतकं आधी पक्कं होत नाही. भारतातून जाणाऱ्याने सप्टेंबर ते जानेवारीचा साखळी टप्पा धरावा. युरोपा लीगच्या या टप्प्यात प्रत्येक संघाच्या आठ मॅच असतात, त्यातल्या चार घरच्या मैदानावर. तारखा ऑगस्टच्या अखेरीच्या ड्रॉनंतर, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याची सोडत झाली की, जाहीर होतात. त्यानंतर अर्ज केला तरी ऑक्टोबर-नोव्हेंबरची मॅच आरामात साधते. वेळ मध्य युरोपच्या घड्याळाने छापलेली असते, बल्गेरियाचं घड्याळ त्यापुढे एक तास. म्हणजे रात्री 9 ची मॅच राझग्रादला 10 वाजता सुरू होते आणि मध्यरात्रीच्या आसपास संपते. राहण्याची सोय आधी केलेली नसेल तर थंडीत रस्त्यावर उभं राहायची वेळ येते. पाहुण्या संघाचे पाठीराखे आले की गावातली मोजकी हॉटेलं भरतात, मग रूसेला किंवा 50 किलोमीटरवरच्या शुमेनला खोली घेऊन गाडी ठरवावी लागते.

देशांतर्गत लीगची मॅच पकडायची असेल तर शुक्रवार ते सोमवार असे चारही दिवस मोकळे ठेवा. दिवस आणि वेळ टीव्हीच्या सोयीने ठरतात आणि उशिरा जाहीर होतात. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत हिवाळी सुट्टी असते, तेव्हा जाण्यात अर्थ नाही.

माझं मत विचाराल तर दोन्ही बघा, आणि एकच शक्य असेल तर लीगची बघा. युरोपीय रात्री कुठल्याही क्लबच्या रंगतात. पण जेमतेम तीस हजार वस्तीच्या गावातला क्लब एका देशाचं फुटबॉल इतकी वर्षं हातात कसा ठेवतो, हे कळायला शनिवारची साधी मॅच लागते.

राझग्रादमध्ये क्लब 1945 पासून आहे असं मानलं जातं, पण पहिल्या श्रेणीत तो 2011 पर्यंत कधीच पोहोचला नव्हता. 2010 च्या सप्टेंबरमध्ये किरिल दोमुस्चिएव यांनी तो घेतला. जनावरांसाठी औषधं बनवणारी हुवेफार्मा ही कंपनी त्यांची आणि त्यांच्या भावाची. वर्षभरात संघ वर चढला आणि पहिल्याच हंगामात, 2011-12 मध्ये, लीग, कप आणि सुपर कप अशी तिन्ही विजेतेपदं घेऊन बसला. त्या लीगचा निकाल 23 मे 2012 ला याच मैदानावर लागला. शेवटच्या दिवशी समोर सीएसकेए सोफिया, देशातला सगळ्यात जास्त विजेतेपदांचा क्लब. त्यांना बरोबरी पुरली असती. मिरोस्लाव इव्हानोव्हच्या गोलवर लुदोगोरेत्स 1-0 जिंकला आणि एका गुणाने लीगही. तिथून 2024-25 पर्यंत सलग 14 विजेतेपदं. युरोपात इतकी लांब मालिका त्याआधी लाटवियाच्या स्कोन्तो रीगा आणि जिब्राल्टरच्या लिंकन रेड इम्प्स यांनीच केली होती.

पैसा होता म्हणून जिंकले, असं सोफियातले लोक म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. पैसा तिथल्या इतर क्लबांकडेही आला आणि वाया गेला. लुदोगोरेत्सने तो ठरावीक पद्धतीने वापरला. ब्राझीलमधून किंवा युरोपातल्या मधल्या दर्जाच्या लीगांतून स्वस्तात खेळाडू आणायचे, युरोपीय स्पर्धांत त्यांना दाखवायचं, विकायचं आणि आलेल्या पैशांतून पुढची फळी उभी करायची. ब्रेंटफर्डचा इगोर थियागो तुम्ही टीव्हीवर बघत असाल. तो 2022 मध्ये क्रुझेरोहून राझग्रादला आला, पुढच्या वर्षी क्लब ब्रुझला गेला आणि तिथून इंग्लंडला. त्याच्या आधी जोनातन काफू बोर्दोला, व्हर्जिल मिसिजान न्युर्नबर्गला गेला. याचा तोटाही डोळ्यांना दिसतो : मैदानावर स्थानिक मुलं कमी दिसतात, आणि साध्या लीग मॅचला निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या असतात. चौदाव्या विजेतेपदाची भूक पहिल्यासारखी कशी राहणार? मला त्या रिकाम्या खुर्च्यांचं वाईट वाटतं, कारण खेळ खरोखर चांगला असतो.

हुवेफार्मा अरेना गावातच आहे, चालत जाता येतं. क्षमता दहा हजारांहून थोडी जास्त, म्हणजे गावातला प्रत्येक तिसरा माणूस आत मावेल इतकी. स्टँड मैदानाला इतके लागून आहेत की खेळाडूंचं ओरडणं ऐकू येतं. पूर्वी इथे दियान्को स्तेफानोव नावाचं साधं स्टेडियम होतं, त्याचीच टप्प्याटप्प्याने पुनर्बांधणी झाली. ही बांधणी पूर्ण होईपर्यंत क्लबला मोठ्या युरोपीय मॅच सोफियाच्या वासिल लेव्हस्की राष्ट्रीय स्टेडियममध्ये खेळाव्या लागल्या. म्हणून 2014-15 च्या चॅम्पियन्स लीगमध्ये रेआल माद्रिद आणि लिव्हरपूल बल्गेरियात आले, पण राझग्रादला आले नाहीत. पुढे चित्र बदललं. एसी मिलान, इंटर, टॉटनहॅम हे सगळे या छोट्या मैदानावर खेळून गेले. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये हॅरी केनने टॉटनहॅमसाठीचा आपला 200 वा गोल इथेच मारला.

एका स्टँडला कोस्मिन मोत्सीचं नाव आहे. त्यामागची रात्र माहीत असेल तर तिथे बसण्याला अर्थ येतो. 27 ऑगस्ट 2014, चॅम्पियन्स लीगची शेवटची पात्रता फेरी, स्तेआवा बुखारेस्टविरुद्ध परतीची मॅच सोफियात. पहिली मॅच लुदोगोरेत्स 0-1 हरलेला. वांदेर्सनने 90 व्या मिनिटाला गोल करून बरोबरी साधली आणि मॅच जादा वेळेत गेली. 119 व्या मिनिटाला गोलकीपर व्लादिस्लाव स्तोयानोवला लाल कार्ड. बदली खेळाडू संपलेले. मग बचावफळीतल्या मोत्सीने हातमोजे चढवले. तो स्वतः रोमानियाचा, आणि कारकीर्द घडली स्तेआवाच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे, दिनामो बुखारेस्टकडे. शूटआउटमधली पहिली पेनल्टी त्यानेच मारली आणि गोल केला, नंतर गोलमध्ये उभं राहून दोन पेनल्टी अडवल्या. शूटआउट 6-5. लुदोगोरेत्स पहिल्यांदा चॅम्पियन्स लीगच्या गटात गेला. त्याआधीच्या हंगामात या क्लबने युरोपा लीगमध्ये पीएसव्ही आइंडहोवेनला त्यांच्याच घरी 2-0 हरवलं होतं आणि लाझियोला बाहेर काढलं होतं.

तिकीट क्लबच्या संकेतस्थळावर किंवा स्टेडियमच्या खिडकीवर मिळतं. लीग मॅचला खिडकीवर घेतलं तरी चालतं. लेव्हस्की किंवा सीएसकेए हे सोफियाचे मोठे क्लब येणार असतील तर आधी घ्या आणि पासपोर्ट सोबत ठेवा. बल्गेरियात स्टेडियमचे विभाग सिरिलिक अक्षरांनी ओळखतात, आणि रोमन ‘बी’सारखं दिसणारं अक्षर तिथे ‘व’ आहे, क्रमाने तिसरं. दुसऱ्या विभागाचं अक्षर वेगळं असतं. घाईत नेमकी इथेच चूक होते आणि मैदानाला अख्खा वळसा पडतो. आत दारू नाही. झडतीत लायटर, काचेची बाटली, छत्रीसारख्या वस्तू काढून घेतात. मोठी सॅक हॉटेलवरच ठेवा. स्टँडमध्ये सगळे सूर्यफुलाच्या बिया फोडत असतात, तिथे त्यांना ‘सेमकी’ म्हणतात. गेटबाहेर एक पुडी घ्या, शेजारच्यापुढे धरा, ओळख होते. हिरवा-पांढरा स्कार्फ कुठेही चालतो, पण सोफियात उतरताना तो गळ्यात ठेवू नका. नोव्हेंबरनंतर दोन मोजे, कानटोपी, आणि बसायला जाड वर्तमानपत्र हवंच. प्लॅस्टिकची खुर्ची अंगातली ऊब ओढून घेते.

शाकाहारी माणसाचं राझग्रादला अडत नाही. मेहानात, म्हणजे तिथल्या पारंपरिक खानावळीत, टोमॅटो-काकडीवर किसलेलं सिरेने चीज घातलेलं शोप्स्का सॅलड मिळतं. दही, काकडी, लसूण, शेपू आणि अक्रोडाचं गार तारातोर मिळतं. ‘बॉब चोर्बा’ हे घेवड्याचं सूप आहे, पण कधी त्यात मांस असतं, म्हणून ‘बेझ मेसो’ म्हणजे ‘मांसाशिवाय’ असं सांगा. उत्तरादाखल वेटरने मान हलवली तर तेवढ्यावर समजूत करून घेऊ नका. बल्गेरियन माणूस ‘हो’ म्हणताना मान आडवी हलवतो आणि ‘नाही’ म्हणताना वर झटकतो. ‘दा’ किंवा ‘ने’ हा शब्द कानावर पडेपर्यंत थांबा. इथलं दही घट्ट आणि चांगलंच आंबट असतं. जुलैत गावात दह्याचा उत्सव भरतो आणि पंचक्रोशीतले लोक घरी लावलेलं दही घेऊन येतात.

मॅचच्या दिवशी सकाळ मोकळी असते. चौकात इब्राहिम पाशाची मशीद आहे, शिलालेखावर 1616 साल, बाल्कनमधल्या मोठ्या मशिदींपैकी एक. या भागात तुर्की बोलणारी वस्ती मोठी आहे आणि स्टँडमध्येही दोन्ही भाषा ऐकू येतात. शहराच्या पूर्व टोकाला अब्रितुस हे रोमन शहर उकरून काढलं आहे. सन 251 मध्ये अब्रितुसजवळ गॉथांशी लढताना सम्राट डेसियस मारला गेला. तटबंदीचा पाया आणि बुरूज चालत बघता येतात, शेजारी संग्रहालय आहे. दोन तास ठेवा. गाडी असेल आणि हाताशी आणखी एक दिवस असेल तर इस्पेरिखजवळचं स्वेश्तारीचं थ्रेसियन थडगं बघा, 1985 पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. आत एका वेळी थोडेच लोक सोडतात, त्यामुळे सकाळी पहिल्यांदा पोहोचावं.

एक गोष्ट बहुतेक पाहुणे सोडून देतात : क्लबचं सराव संकुल, ज्याला ते ‘गरुडांचं घरटं’ म्हणतात. अकादमीची मुलं इथे वाढतात आणि क्लबचा दुसरा संघ, लुदोगोरेत्स 2, खालच्या श्रेणीच्या मॅच इथे खेळतो. पहिल्या संघात आज दिसत नसलेली स्थानिक मुलं बघायची तर ती इथेच दिसतात. दोन्ही संघांची वेळापत्रकं शेजारी ठेवून बघा. एकाच शनिवार-रविवारात दोन्ही घरच्या मॅच जुळून येत असतील, तर तोच आठवडा धरा आणि व्हिसाचा अर्ज त्या तारखांवर करा.