माळेने उतरलेली कावीळ

अण्णांना आधी खाज सुटली, डोळे पिवळे दिसले ते नंतर. अण्णा म्हणजे माझे सासरे. वय ७२, गडहिंग्लजजवळ ऊसशेती. रात्र रात्र तळपाय खाजवत बसायचे. वजन ६८ किलोवरून ५९ वर आलं होतं, पण सदरा सैल झाला की आमच्याकडे ‘वय झालं’ म्हणतात आणि विषय संपतो.

डोळे पिवळे झाल्यावर मात्र सगळी भावकी सल्ला द्यायला आली. उसाचा रस, तेल-तूप बंद, आणि आत्याबाईंनी आणलेली काविळीची माळ. ती डोक्यावर ठेवायची. लांबत लांबत खाली आली की कावीळ उतरली.

गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. बिलीरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, ९.४; त्यातलं डायरेक्ट, म्हणजे यकृतातून प्रक्रिया होऊन आलेलं, ७.८. यकृताचं एसजीपीटी थोडंसंच जास्त, पित्ताच्या वाटेशी जोडलेलं अल्कलाइन फॉस्फटेज मात्र ६४०, खूपच वाढलेलं. कागद बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, “अण्णा, संडास कसल्या रंगाची होते?” अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर जाऊन बसले. उत्तर मला ह्यांच्याकडून कळलं: शाडूच्या मातीसारखी.

मग डॉक्टरांनी समजावलं. विषाणूच्या काविळीत यकृताला इजा होते, तेव्हा एसजीपीटी बहुधा शेकड्यांत-हजारांत जातं. इथं पित्त तयार होतंय, पण आतड्यात पोचत नाही. वाट अडलीय. पोट न दुखता अडलीय आणि वजनही गेलंय, तेव्हा खडाच असेल असं धरून चालू नका. सोनोग्राफीत पित्तनलिका फुगून १४ मिमी, पित्ताशय टम्म, खडा नाही. नलिकेचं खालचं टोक गॅसमुळे दिसलंच नाही.

कोल्हापूरच्या पोटविकारतज्ज्ञांची वेळ मिळेपर्यंत पुन्हा रक्त तपासलं, तर बिलीरुबिन ५.१! खाज कमी, डोळे निवळलेले, माळ छातीपर्यंत आलेली. “आता कशाला कोल्हापूर?” आत्याबाई म्हणाल्या. अण्णांनाही तेच हवं होतं. ह्यांनी वाद न घालता गाडी काढली.

तज्ज्ञांना नेमकी ती घसरणच खटकली. त्यात हिमोग्लोबिन ९. नलिका आतड्यात जिथं उघडते त्या तोंडाशीच गाठ असली तर असं होतं, म्हणाले. गाठीचा पृष्ठभाग झडतो, थोडं थोडं रक्त जातं, वाट काही दिवस मोकळी होते आणि पुन्हा बुजते. आत्याबाईंना हे कोण सांगणार!

पित्ताची वाट मोकळी करायला आत नळी टाकून आधी कावीळच का उतरवत नाही, असं मी विचारलं. आधी सीटी, ते म्हणाले. नळी घातल्यावर सूज येते आणि फोटो वाचणं अवघड होतं. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं ठीक आहेत का, ते पाहून सीटी झालं. नलिका शेवटपर्यंत फुगलेली, गाठ कुठेच नाही. आम्ही सुटकेचा श्वास सोडला, पण त्या जागेची बारकी गाठ सीटीतून निसटते म्हणे. रक्तातलं सीए १९-९, म्हणजे काही कर्करोगांत वाढणारं द्रव्य, वाढलेलं होतं, त्यालाही त्यांनी फार भाव दिला नाही. नुसतं पित्त अडलं तरी ते वाढतं.

राहिली दुर्बीण. नेहमीची दुर्बीण समोर बघते आणि हे तोंड आतड्याच्या बाजूच्या भिंतीवर असतं, म्हणून बाजूला बघणारी वेगळी दुर्बीण लागते. त्याआधी रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आयएनआर तपासला, तो वाढलेला निघाला. पित्ताशिवाय व्हिटॅमिन के शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो. त्या व्हिटॅमिनची इंजेक्शनं झाल्यावरच दुर्बिणीतून त्या तोंडाशी असलेल्या गाठीचा तुकडा तपासायला काढला.

अहवालात अ‍ॅडिनोकार्सिनोमा लिहिलं होतं, म्हणजे कर्करोग. सीटीत तो यकृतात किंवा इतरत्र पसरलेला दिसत नव्हता. सर्जननी व्हिपल शस्त्रक्रिया, म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग आणि पित्तनलिकेचं टोक काढणं, कागदावर चित्र काढून समजावली. बिलीरुबिन फार नव्हतं, ताप नव्हता, म्हणून नळी न टाकता थेट शस्त्रक्रियेची तारीख दिली. तोवर प्रथिनं वाढवा, रोज चालवा, आणि हुडहुडी भरून ताप आला तर सकाळची वाट न बघता, असाल तसे निघा, असं बजावलं.

अण्णांनी माळ काढून खुंटीला अडकवली आणि ऊसतोडीच्या मुकादमाला फोन लावला.