गाण्यात पडलेले प्रश्न

आमच्या शाळेचं विज्ञान मंडळ दर वर्षी एक संमेलन भरवतं. बक्षीस समारंभ, पाहुण्यांचं भाषण वगैरे सगळं वार्षिक स्नेहसंमेलनात झालेलं असतं. हे संमेलन निराळं. इथे जे सांगायचं ते गाऊन, वाजवून किंवा टाळीवर ठेका धरून सांगायचं. शाळेत असताना मी कोरसमध्ये उभी राहायचे, नंतर काही वर्षं पेटीवर बसले आणि आता माजी विद्यार्थ्यांच्या रांगेत असते. विज्ञान आणि संगीत यांची सांगड म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ग्रहांच्या नावांचं बडबडगीत येतं. आमच्याकडे जे व्हायचं ते त्याच्या पुष्कळ पुढचं होतं, म्हणून हे लिहायला घेतलं.

सुरुवात बडबडगीतांनीच झाली होती. मूलद्रव्यांची नावं, हाडांची नावं, पाढे. चालीवर बसवलेलं पाठ होतं आणि पाठ राहतं, यात वादच नाही. आर्यभटाने ज्या-सारणीचे, म्हणजे साइनच्या कोष्टकाचे, २४ आकडे एका श्लोकात बसवले ते काही उगाच नाही. पण मंडळ चालवणाऱ्या भौतिकशास्त्राच्या बाईंचं तेवढ्यावर समाधान होत नसे. "पाठ झालं, छान. आता कळलं का ते बघू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पुढे त्यांनीच नियम घातला, की प्रत्येक कार्यक्रमात एक तरी प्रश्न असा हवा, ज्याचं उत्तर समोर बसलेल्यांना स्वतःच्या कानांनी मिळेल. कान हे मोजमापाचं साधन आहे आणि ते वापरायला शिकवावं लागतं, असं त्या म्हणायच्या. त्या एका नियमाने आमच्या संमेलनाचा नूरच पालटला.

त्यातला घंट्यांचा प्रयोग मला सगळ्यात प्रिय. दोन मीटर लांबीची लाकडी पट्टी, मधोमध पन्हळ कोरलेली, एक टोक जेमतेम तीन बोटं उचललेलं. पन्हळीतून गोटी सोडायची. वर चार छोट्या घंट्या अशा टांगलेल्या, की गोटी जाता जाता त्यांना धक्का देईल. पट्टीवर खडूने सोळा सारखे भाग आखलेले. शेजारी तबल्यावर द्रुत तीनताल, सोळा मात्रांचा. पहिल्या 'धा'वर गोटी सुटायची आणि पट्टीच्या टोकाशी पोचायची ती बरोबर पुढच्या समेला, म्हणजे ताल फिरून पहिल्या मात्रेवर येतो तेव्हा. उतार किती ठेवायचा हे तालमीतच जमवून घेतलेलं असायचं.

सुरुवातीला घंट्या सारख्या अंतरावर, म्हणजे चौथ्या, आठव्या, बाराव्या आणि सोळाव्या खुणेवर. पहिली घंटा 'खाली'पर्यंत, म्हणजे नवव्या मात्रेपर्यंत, वाट बघायला लावायची आणि उरलेल्या तिघी घाईघाईने येऊन समेवर आदळायच्या. ऐकायला अगदी विस्कटलेलं. मग बाई विचारायच्या, "पाचव्या मात्रेला, खालीला, तेराव्याला आणि समेला वाजायला हव्यात. कुठे सरकवू?" सभागृहातून सूचनांचा पाऊस. एक जण मंचावर जायचा, घंटा थोडी मागे घ्यायचा, गोटी पुन्हा सुटायची. तबलजी न थकता ठेका देत राहायचा. पाचवीसहावीतली मुलंसुद्धा "मागे! अजून मागे!" म्हणून ओरडायची, कारण टाळीच्या अलीकडे-पलीकडे वाजलेलं कुणालाही खटकतं. अखेर चारही घंटा टाळीवर यायच्या. मग खडूच्या खुणा वाचायच्या: एक, चार, नऊ, सोळा. वेळ दुप्पट झाली की अंतर चौपट, तिप्पट झाली की नऊपट. हा नियम त्या संध्याकाळी मुलांनी पुस्तकातून घेतला नाही, लयीच्या जोरावर शोधून काढला. आपण शोधलेल्या आकड्यांत वर्गसंख्या निघाल्या की वरच्या वर्गातल्या मुलांचे चेहरे बघण्यासारखे होत.

हा प्रयोग बाईंनी उगाच निवडला नव्हता. गॅलिलिओच्या १६०४ च्या सुमाराच्या टिपणांचा अभ्यास करून स्टिलमन ड्रेक या इतिहासकाराने १९७५ मध्ये असा तर्क मांडला, की उतारावरून घरंगळणाऱ्या गोळ्याचा वेळ गॅलिलिओने लयीच्या आधारे मोजला असावा. उतारावर तातीचे, म्हणजे आतड्याच्या दोरीचे, पडदे बांधायचे आणि गोळ्याचे आवाज ठेक्यात पडेपर्यंत ते सरकवत राहायचे. ड्रेकने स्वतः गाणं म्हणत हा प्रयोग करून पाहिला. गॅलिलिओने १६३८ च्या पुस्तकात मात्र वेळ मोजायला भांड्यातून पडणारं पाणी तोलल्याचं लिहिलंय, त्यामुळे ड्रेकचं म्हणणं हा तर्कच आहे आणि बाई तो तर्क म्हणूनच सांगायच्या. पण सेकंदाचा छोटा अंश दाखवणारी घड्याळं त्या काळी नव्हती, आणि गाणाऱ्या माणसाला तेवढा फरक सहज कळतो, हे तर आम्ही दर वर्षी पाहत होतो.

गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो हे ल्यूट या तंतुवाद्याचे वादक. त्यांच्यावर आमच्या मुलांनी एक छोटं नाटुकलं बसवलं होतं. सुरुवात पायथागोरसच्या दंतकथेने. लोहाराच्या दुकानावरून जाताना त्याला हातोड्यांचे सूर ऐकू येतात. एक हातोडा दुसऱ्याच्या दुप्पट वजनाचा, म्हणून सूर एका सप्तकाच्या अंतरावर. हीच गुणोत्तरं तारेला टांगलेल्या वजनांनाही लागू पडतात, असं शतकानुशतकं लिहिलं गेलं. नाटुकल्यात इथे गाणं थांबायचं आणि खरी तार पुढे यायची. एक किलोचं वजन टांगून तार छेडली, तो आपला सा. मग दोन किलो. पेटीवरचे काका एकेक पट्टी दाबून सूर शोधायचे आणि सापडायचा तो तीव्र मध्यम! तार षड्ज, म्हणजे वरचा सा, ऐकायला चार किलो टांगावे लागत. दंतकथा कानांवरच खोटी ठरली. व्हिन्चेन्झोने १५८९ च्या सुमारास हेच दाखवलं होतं, की तारेची लांबी निम्मी केली तर वरचा सा मिळतो, पण ताणातून तो मिळवायचा असेल तर ताण चौपट हवा. सुंदर गोष्ट आणि खरी गोष्ट वेगळी असू शकते, हे मला पहिल्यांदा त्या तीव्र मध्यमाने सांगितलं.

मराठीच्या बाईंचा वाटा वेगळाच. त्यांनी छंदातून गणित उभं केलं. लघु म्हणजे एक मात्रा, गुरू म्हणजे दोन. चार मात्रांची ओळ किती प्रकारे बांधता येईल? मुलं मंचावर टाळ्या वाजवून एकेक प्रकार म्हणायची: ल ल ल ल, ल ल गा, ल गा ल, गा ल ल, गा गा. पाच. पाच मात्रांचे आठ, सहांचे तेरा. इथवर प्रेक्षक नुसते मोजत असत. मग बाई मुलांना दोन गटांत उभं करायच्या: ज्यांची ओळ लघूने संपते ते डावीकडे, गुरूने संपते ते उजवीकडे. पाच मात्रांच्या ओळींत डावीकडच्यांनी शेवटचा लघु गाळून म्हटलं, की चार मात्रांचे पाचही प्रकार ऐकू यायचे. उजवीकडच्यांनी गुरू गाळला, की तीन मात्रांचे तीन. पाच आणि तीन आठ. प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज का, हे यापेक्षा स्वच्छ कुणी समजावलेलं मी पाहिलेलं नाही. युरोपात ही संख्यामाला फिबोनाचीच्या १२०२ च्या पुस्तकावरून ओळखली जाते. इकडे बाराव्या शतकात हेमचंद्राने आणि त्याच्याही आधी विरहांकाने ती छंदशास्त्रात मात्रा मोजतानाच मांडली होती.

लसाविचा कार्यक्रम साधा, पण रंगतदार. अर्ध्या सभागृहाने दादरा धरायचा, अर्ध्याने झपताल, आणि सम पुन्हा कधी जुळते ते ऐकायचं. सहा आणि दहा, तिसाव्या मात्रेनंतर दोघे पुन्हा एकत्र. एका वर्षी त्यालाच जोडून गुरूचे चंद्र आले. गॅनिमीडची एक फेरी होते तेवढ्यात युरोपाच्या दोन आणि आयोच्या चार, म्हणून तीन गट तीन लयींत. सगळे तिघांची सम यायची वाट बघतायत आणि ती काही येत नाही! कारण हे तिघे चंद्र गुरूच्या एकाच बाजूला एका रेषेत कधीच येत नाहीत. युरोपा आणि गॅनिमीड जुळले की आयो नेमका पलीकडे. टाळ्या मोजून मोजून हैराण झालेल्या सभागृहाला हे कारण सांगितलं तेव्हा जो गलका झाला, तसा गलका मी गाण्याच्या दुसऱ्या कुठल्याच कार्यक्रमात ऐकलेला नाही.

तबल्यावरची शाई, म्हणजे तो काळा गोल लेप, का, हाही एकदा विषय होता. नुसतं कातडं ताणलेल्या वाद्यातून निघणारे वरचे स्वर मूळ स्वराच्या पटीत नसतात, म्हणून त्याला नेमका सूर नसतो. शाईच्या वजनाने ते पटीत येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये यावर लिहिलं, प्रकाशावरच्या त्यांच्या प्रसिद्ध शोधाच्या आठ वर्षं आधी. आमचा तबलजी तेव्हापासून शाईकडे जरा आदराने बघायला लागला.

शब्दांबद्दल मात्र भौतिकशास्त्राच्या बाई फार कडक. चालीवर बसलेली चूक जन्मभर निघत नाही, म्हणून प्रत्येक गाणं आधी त्यांच्या हातून जायचं. एका मुलीने ऋतूंवर गाणं लिहिलं होतं. यमकं झकास, चाल लगेच ओठांवर बसणारी, पण अर्थ असा की सूर्य जवळ येतो म्हणून उन्हाळा येतो. बाईंनी ते थांबवलं. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला. ऋतू होतात ते अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे. बाईंनी चूक दुरुस्त करून दिली नाही, फक्त विचारलं, "मग दुसऱ्या गोलार्धात काय चाललंय त्या वेळी?" दुसऱ्या दिवशी ती मुलगी नवं कडवं घेऊन आली:

सूर्य जवळ आला म्हणुनी उन्हाळा जर आला,
मग पलीकडच्या गोलार्धी का गारठा हा झाला?

प्रश्नाचंच कडवं झालं होतं. ते आजही गायलं जातं, आणि त्यानंतर गाणं थांबवून उत्तर प्रेक्षकांकडून काढून घेतात. माझ्या मते आमच्या मंडळाची इतर गाणी या दोन ओळींपुढे फिकी आहेत.

११ फेब्रुवारी २०१६ ला गुरुत्वीय लहरी सापडल्याची घोषणा झाली, त्यानंतरच्या संमेलनाला मी आवर्जून गेले होते. १४ सप्टेंबर २०१५ ला टिपलेला तो संकेत सुमारे ३५ हर्ट्झपासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेला, तोही सेकंदाच्या पाचव्या हिश्शात. मुलांनी आधी तो संकेत ऐकवला, एक छोटीशी 'टुप्प', मग तोच लांबवून पेटीवर आणि गळ्यातून दाखवायचा प्रयत्न केला. जवळजवळ तीन सप्तकं! खर्जाचा सगळ्यात चांगला गळासुद्धा तळाशी पोचेना, तेव्हा खालचा भाग पेटीने सांभाळला आणि वरचा कोरसने.

कार्यक्रम संपता संपता सहावीतला एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, पण तिकडे हवा नाही ना? मग आवाज आला कसा?" नेमका प्रश्न. तो आवाज नव्हताच. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळताना अवकाशच ताणलं-आवळलं जात होतं. ते उपकरणांनी मोजलं, आणि त्याची कंपनसंख्या आपल्या कानांच्या टप्प्यात असल्यामुळे ते ध्वनीत उतरवून ऐकता आलं. बाईंनी हे सगळं समजावलं आणि लगेच त्याला कामाला लावलं: "पुढच्या संमेलनाला हाच प्रश्न गाण्यात हवा. चाल तूच लाव." त्याने ती लावली, आणि पुढच्या वर्षी कोरससमोर उभं राहून स्वतःच म्हटली.