रंग बदलला, काटा अडला

गाडीच्या मीटरचा काटा उपटण्याआधी त्याचा फोटो काढा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. चावी बंद असताना एक, चावी फिरवून एक, इंजिन चालू करून एक. मी काढला नाही, आणि त्यापायी माझे पाच शनिवार गेले.

गाडी छोटी, अकरा वर्षांची. मॉडेल सांगत नाही, नाहीतर लगेच ‘त्यापेक्षा नवीनच घ्या’ सुरू होतं. रात्री तिचं मीटर निळसर-हिरवं पेटायचं. घेतली तेव्हा फार आवडलं होतं. आता बावन्नाव्या वर्षी, उशिरा मुलुंडला परतताना, तोच निळा डोळ्यांत खुपायला लागला. निळा प्रकाश डोळ्यात जास्त विखुरतो. अंधाराला सरावलेली नजर लाल-नारिंगी उजेडाने तेवढी बिघडत नाही. म्हटलं, नारिंगी करून टाकू. बायको म्हणाली, “चष्म्याचा नंबर तपास आधी.” तो तपासला. मग लॅमिंग्टन रोड, मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार.

ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जायचं, आणि रविवारी जायचं नाही, बहुतेक शटर खाली असतात. 12 व्होल्टचे, टी-10 बेसचे (म्हणजे जुन्या बल्बच्या होल्डरमध्ये बसतील असे) नारिंगी एलईडी घेतले. सहा हवे होते, आठ घेतले, दोन मी तोडणार याची खात्री होती. घरी येऊन 10 च्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली, मीटर बाहेर काढलं, मागचे होल्डर पाव फेरा फिरवून जुने बल्ब काढले. तासाभराचं काम. साधा बल्ब कसाही बसवला तरी पेटतो, एलईडीला मात्र उलट-सुलट असतं. नाही पेटला तर काढून फिरवून बसवायचा. म्हणून सगळे पेटलेत हे पाहिल्याशिवाय मीटर परत आत ढकलू नका.

सगळे पेटले. आणि मीटर काळंठिक्कर.

कारण साधं आहे, पण आधी सुचलं नाही. डायलच्या पाठीला निळी-हिरवी फिल्म होती. जुना बल्ब पिवळट पांढरा. त्यातला निळा-हिरवा ती फिल्म पुढे सोडायची, बाकीचा अडवायची. माझ्या नारिंगी एलईडीत निळं-हिरवं काही नाहीच, मग पुढे येणार काय? म्हणजे फिल्म काढणं आलं. फिल्म काढायची तर डायल काढा, डायल काढायचा तर त्यावरचे काटे उपटा. इथे माझी हिंमत संपली आणि मी गाडी घेऊन कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेलो.

दुकानाचं नाव सांगत नाही. “दो घंटे का काम है साब, हो जाएगा.” हे ‘हो जाएगा’ ऐकलं की हल्ली माझ्या पोटात गोळा येतो. सकाळी अकराला गाडी दिली, साडेचारला मिळाली. मीटर पाहिलं तर काय सुंदर! निखाऱ्यासारखं नारिंगी. मी खूश होऊन पैसे दिले, गाडीत बसलो, आणि पाहिलं तर उभी गाडी वीसच्या वेगाने चालली होती.

परत आत गेलो. “चलाओ थोडा, सेट हो जाएगा.” काटा चालवून सेट होत नाही हो! तो सुईसारखा दांड्यावर दाबून बसवलेला असतो, वाकडा बसवला की वाकडाच राहतो. पण काम करणारा पोरगा जेवायला गेला होता. साडेचारला. पुढच्या शनिवारी गेलो तर तो गावी, भावाचं लग्न. त्याच्या पुढच्या शनिवारी दुकान बंद. या काळात ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर मी डोक्यात वीस वजा करत गाडी चालवली. चौथ्या खेपेला काटा शून्यावर आला. चावी चालू ठेवून बसवला, पाच मिनिटं लागली. या पाच मिनिटांसाठी तीन शनिवार!

घरी येताना फोनवर जीपीएसचा वेग लावून बायकोला शेजारी बसवलं. फोन 57, मीटर 60. हे ठीक आहे. स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, कमी दाखवत असेल तर काळजी करा.

पेट्रोलच्या काट्याकडे कुणी पाहिलंच नाही. मीही नाही. चार दिवसांनी जेव्हीएलआरच्या (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या) चढावर, संध्याकाळी सातला, पाव टाकी दाखवत गाडी बंद पडली. मागच्या बसने वाजवलेला हॉर्न अजून कानात आहे. आमच्या मीटरमध्ये चावी बंद केली तरी पेट्रोलचा काटा खाली येत नाही, आहे तिथेच थांबतो. त्यामुळे शून्य कुठे ते कळत नाही, म्हणून त्या पोराने तो अंदाजाने ठोकला होता.

मी परत कुर्ल्याला गेलो नाही. भांडुपला मीटर दुरुस्त करणारे एक काका भेटले. त्यांनी डायल नुसता पाहिला आणि म्हणाले, “टाकी फुल्ल करून या. मी काटा फुल्लवर ठेवतो. संपलं.” एवढंच होतं ते! जाता जाता त्यांनीच एलईडींची टोकं बारीक पॉलिश पेपरने घासली, त्यामुळे डायलवर दोन ठिकाणी भगभगीत ठिपके पडायचे ते गेले. आणि मीटरवर बॅटरीची जी लाल खूण पेटते तिच्यामागे मी एलईडी लावलाय का विचारलं. नव्हता लावला, निव्वळ नशिबाने. काही गाड्यांत अल्टरनेटरला, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राला, सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच जातो. तिथे एलईडी लावला तर चार्जिंगची बोंब होऊ शकते. तो बल्ब जुनाच ठेवा.

काटा बसवताना काकांना म्हटलं, “फुल्लच्या एक घर खाली ठेवा.” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, विचारलं नाही. मुलगा हल्ली काटा लालवर आला की मुकाट्याने पेट्रोल भरून आणतो. त्याला सांगितलेलं नाही.