ओव्हरसियरसोबत फोर्टात अर्धा दिवस

आप्पांना मुंबई दर्शनच्या बसने न्यायचं नाही, हे माझं पक्कं होतं. एक तर गुडघे आता चढउतार सोसत नाहीत. शिवाय बस जिथे दहा मिनिटं थांबते तिथे त्यांना अर्धा तास लागतो, कारण ते इमारत बघत नाहीत, बांधकाम बघतात. सगळी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात गेली. सातारा, वाई, महाबळेश्वर या पट्ट्यातले पूल, मोऱ्या, शाळा, विश्रामगृहं. ओव्हरसियर म्हणून चिकटले आणि डेप्युटी इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले, पण गावात आजही त्यांना ओव्हरसियरसाहेबच म्हणतात. कुणाच्या घराचा पाया खणायला घेतला की काठी टेकत हजर.

म्हणून या खेपेला अर्ध्या दिवसाची खासगी सहल घेतली. एक गाडी, एक गाईड आणि आम्ही बापलेक. सकाळी सात ते दुपारी बारा. गाईडने आधी तिची नेहमीची यादी पाठवली. त्यात मलबार हिल होतं, मणिभवन होतं, धोबीघाट होता, मरीन ड्राइव्ह होता. मी तिला फोन केला आणि म्हटलं, हे सगळं काढून टाक, फक्त फोर्ट ठेव, आणि जमलं तर प्रत्येक इमारतीचा दगड कुठून आला ते बघून ये. ती म्हणाली, "मग रविवारीच करू या ताई. रस्ते मोकळे असतात. काकांना वर बघत निवांत उभं राहता येईल." रविवारी आत जायला मिळत नाही अशा इमारती तिकडे बऱ्याच आहेत. तरीही मी हाच सौदा करा म्हणेन. दगडी मुंबई बाहेरून बघायची आहे आणि ती बघायला मोकळा रस्ता लागतो.

सुरुवात गेटवेपासून केली. एवढ्या सकाळी तिथे फोटोवाले, कबुतरं आणि मांडव्याच्या लाँचसाठी निघालेली मंडळी, एवढीच गर्दी. गाईडने रीतसर सांगितलं: जॉर्ज विटेटचा आराखडा, ४ डिसेंबर १९२४ ला उद्घाटन. राजा पंचम जॉर्ज डिसेंबर १९११ मध्ये इथे उतरला तेव्हा कमान नव्हतीच, त्याला पुठ्ठ्याची प्रतिकृती दाखवली होती. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीखालून निघून गेली. आप्पा ऐकत होते, पण त्यांचा अंगठा दोन चिऱ्यांमधल्या सांध्यावरून फिरत होता. मग नखाने सांधा चाचपून म्हणाले, "चिणाई बघ. पोस्टकार्ड सरकणार नाही मध्ये." दगड खारोडीचा, म्हणजे आपल्या मालाडच्या पश्चिमेचा पिवळा बेसाल्ट. "पण आत काय घातलंय गं?" हा प्रश्न तिला आजवर फारसा कुणी विचारला नसावा. तिने उत्तर मात्र लगेच दिलं, "आरसीसी, काका. प्रबलित काँक्रीट आहे आत." आप्पांनी मान हलवली. १९२४ मध्ये, समुद्राच्या तोंडावर, दगडाच्या पोटात काँक्रीट! त्या एका उत्तराने ती मुलगी त्यांच्या मनात पास झाली. पुढचा सगळा वेळ ते तिच्याशी बोलत होते आणि मी छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन मागे. मला तेच हवं होतं.

समोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, २६ जानेवारी १९६१ चा. तिथे आप्पा टोपी काढून उभे राहिले, मग गाडीत बसलो.

काळ्या घोड्याला फार थांबलो नाही. डेव्हिड ससून लायब्ररीचा मालाडचा पिवळा दगड बघितला. शेजारी एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल. ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडात तयार करून जहाजाने आणला आणि १८६० च्या दशकात इथे जोडला. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती याच हॉटेलात. आज त्या इमारतीची जी कळा आहे ती बघवत नाही. आप्पा म्हणाले, "लोखंड खाऱ्या हवेला दर वर्षी रंग मागतं. द्यायचा तर वेळेवर द्यायचा." आणि पुढे निघाले.

खरा मुक्काम पडला तो ओव्हलवर. गाईडने येताना दुर्बीण आणली होती, त्याबद्दल तिला मनापासून धन्यवाद. मैदानात एकात एक गुंतलेल्या कितीतरी मॅचेस चालू होत्या, कुणाचा बॉल कुणाच्या फिल्डरकडे जातोय ते कळत नव्हतं. आम्ही कडेच्या बाकावर पूर्वेकडे तोंड करून बसलो. समोर विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह, राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट एका ओळीत. पाठीमागे आर्ट डेको इमारतींची रांग. या दोन्ही रांगा मिळून २०१८ साली जागतिक वारशाच्या यादीत गेल्या.

इथे तिने राजधानीची गोष्ट सांगितली, आणि ती मला फार आवडली. ईस्ट इंडिया कंपनीने १६८७ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरचं मुख्य ठाणं सुरतेहून मुंबईला हलवलं. तेव्हापासून या गावावर राजधानीचा शिक्का आहे: आधी इलाख्याची, मग द्वैभाषिक राज्याची, मग महाराष्ट्राची. पण राजधानी दिसायला लागली ती १८६० नंतर. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला, गव्हर्नर बार्टल फ्रिअरने किल्ल्याची तटबंदी पाडून टाकली आणि त्या मोकळ्या जागेत ही सगळी रांग उभी राहिली. किल्ला गेला, नाव तेवढं फोर्ट राहिलं.

टॉवरसाठी पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी, नाव दिलं आईचं. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा. तो कधी मुंबईला आलाच नाही, लंडनहून कागद पाठवले. १८६९ मध्ये सुरू झालेलं काम १८७८ मध्ये पुरं झालं, उंची २८० फूट. आप्पांनी दुर्बीण डोळ्यांवरून न काढता विचारलं, "साहेब लंडनात. मग साइटवर कोण होतं?"

बसमधल्या माईकवरून असल्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. या मुलीने वही उघडली. टॉवरवर पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या माणसांचे पुतळे आहेत, दुर्बिणीतून पागोटी आणि अंगरखे सुद्धा वेगळे दिसतात. ते घडवणारे रावबहादूर मुकुंद रामचंद्र. हुद्दा: असिस्टंट इंजिनिअर. आप्पांनी दुर्बीण खाली घेतली. "आमच्या खात्याचा माणूस?" मग पुन्हा वर लावली आणि एकेक पुतळा सावकाश बघितला. मध्येच मला म्हणाले, "तो डावीकडचा बघ, खांद्यावरून उपरणं कसं टाकलंय. दगडात चुणी पाडलीय चुणी." मी बघितलं. खरंच होतं. इतक्या उंचीवर, खालून कुणाला दिसणारही नाही अशा ठिकाणी, उपरण्याची चुणी.

शेजारचं हायकोर्टही १८७८ चंच, कर्नल फुलरचं काम, काळ्या दगडातलं. त्याच इमारतीत १९०८ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. आप्पांना ते ठाऊक होतंच, पण ती खोली याच भिंतीआड आहे म्हटल्यावर ते उठून उभे राहिले.

हुतात्मा चौकात गाडी जरा पुढे उभी करून चालत आलो. फ्लोरा फाउंटन १८६४ चं, आणि त्याचा दगड मात्र इथला नाही, इंग्लंडातला पोर्टलंडचा. ते कारंजं आधी भायखळ्याच्या राणीच्या बागेत बसवायचं ठरलं होतं, मग इथे, पाडलेल्या चर्चगेट दरवाजाच्या जागी आलं. त्याच्या शेजारी मशाल घेतलेला शेतकरी आणि कामगार. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच परिसरात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला. महाराष्ट्र झाला तेव्हा आप्पा शाळकरी पोर होते. १ मे १९६० ला शाळेत साखर वाटली होती, एवढं त्यांना नीट आठवतं. हुतात्म्यांची नावं त्यांनी ओठांनी वाचत वाचत सगळी वाचली. मला वाटतं, मुंबई बघायला आलेल्या प्रत्येक मराठी माणसाने एवढी पाच मिनिटं इथे काढावीत. कारंजाचा फोटो सगळेच काढतात.

तिथून हॉर्निमन सर्कलकडे. वाटेत सेंट थॉमस कॅथीड्रल. चर्चगेट स्टेशनाचं नाव ज्या 'चर्च'वरून आलं ते हे. बांधायला घेतलं १६७६ मध्ये, जेराल्ड ऑंजिएच्या काळात, आणि पुरं होऊन प्रार्थना सुरू झाली १७१८ मध्ये. रविवारची प्रार्थना चालू होती म्हणून आम्ही बाहेरच थांबलो. गाईड म्हणाली, "काका, मुंबईचे जुने मैलाचे दगड इथून मोजायचे. या चर्चपासून किती मैल, ते रोमन आकड्यात कोरलेले दगड अजून शहरात सापडतात."

झालं. आप्पांनी काठी फुटपाथवर टेकली. "म्हणजे हा शून्य मैल?" नोकरीच्या सुरुवातीची वर्षं त्यांनी रस्त्यावर काढली आहेत. मैलकुलीच्या, म्हणजे रस्त्याची देखभाल करणाऱ्या मजुरांच्या, गँगबरोबर हिंडून दगड रंगवून घेणं, उखडलेले पुन्हा ओळंब्यात बसवणं, हे त्यांचं काम होतं. मैलाचा दगड किती खोल गाडायचा, अक्षरं रस्त्याकडे कशी तिरपी ठेवायची, हे त्यांनी तिला तिथेच उभं राहून समजावलं आणि तिने वहीत लिहून घेतलं. त्या मोजणीतले कितीतरी दगड रस्ते रुंद करताना गाडले गेले होते, आणि अलीकडे त्यातले काही शोधून, उकरून पुन्हा नीट उभे केलेत, हे ऐकून त्यांना जो आनंद झाला तो गेटवेलाही झाला नव्हता.

टाउन हॉलच्या तीस पायऱ्या त्यांनी खालूनच बघितल्या. १८३३ ची इमारत, आत एशियाटिक सोसायटीची लायब्ररी. पुन्हा कधीतरी, आत जाता येईल अशा दिवशी.

सीएसएमटीला पोचेपर्यंत भूक लागली होती. समोर पुरीभाजी खाल्ली, चहा घेतला आणि मग महापालिकेच्या बाजूच्या फुटपाथवरून स्टेशन बघितलं. तिथूनच ते पूर्ण दिसतं. फ्रेडरिक स्टीव्हन्सची ही इमारत १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं चालली. मागे वळलात तर महापालिकेची इमारतही त्याचीच, १८९३ ची. दारावरचे सिंह आणि वाघ, कमानींवरची माकडं, मोर, पानं, हे काम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचं. आणि इथेही साइटवर कोण, ते तिने आता न विचारताच सांगितलं: सीताराम खंडेराव वैद्य, असिस्टंट इंजिनिअर. आप्पा नुसते हसले.

मग घुमट. अष्टकोनी, फासळ्यांचा, वर हातात मशाल आणि चाक घेतलेली 'प्रगती'. हा घुमट सेंटरिंग न लावता बांधला, असं तिने सांगितलं आणि आप्पा थबकले. सेंटरिंग म्हणजे खालचा लाकडी आधार. तो नसेल तर कमान किंवा घुमट मिटेपर्यंत प्रत्येक दगडाने स्वतःच तोल धरायला हवा. त्यांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून तिला दाखवलं की फासळ्यांचे दगड असे खाच्यात बसवले असतील, म्हणजे प्रत्येक थर पुरा झाला की तो आपोआप कडं होऊन बसतो. तिच्याकडच्या माहितीतही खाचेच्या जोडाचा उल्लेख होता. दोघं फुटपाथवर बोटं अडकवून उभे, आजूबाजूने लोकलची माणसं जातायत. मी फोटो काढला. आप्पांचा मुंबईतला माझा सगळ्यात आवडता फोटो आता तो आहे.

शेवटचं ठिकाण क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा फुले मंडई, १८६९ ची. दर्शनी दारावरची शेतीची शिल्पं लॉकवुड किपलिंगची. भिंतीचा मुख्य दगड कुर्ल्याचा पिवळसर आणि त्यात मध्ये मध्ये लाल दगड आहे, तो वसईचा. आप्पांनी आधी त्याला जांभा म्हणून बघितलं, मग जवळ जाऊन म्हणाले, "नाही, जांभ्याला छिद्रं असतात, हा घट्ट आहे." आता वसईत असल्या लाल दगडाची खाण कुठे होती, हा नवीन भुंगा त्यांच्या मागे लागला आहे. गावातल्या त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांना फोन गेलेत.

बारा वाजले, गाडीची वेळ संपली. पुढची खेप भायखळ्याची, हे तिथेच ठरलं. फ्लोरा फाउंटन जिथे जायचं होतं ती राणीची बाग, काळा घोडा हे नाव ज्या पुतळ्यावरून पडलं तो मूळचा पुतळा आता जिथे आहे तीही तीच, आणि शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर घारापुरीचा दगडी हत्ती. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला उचलताना तो फुटला आणि १९१४ मध्ये तुकडे जोडून पुन्हा उभा केला. ते तुकडे कसे जोडले, हे आप्पांना बघायचं आहे. बुधवारी संग्रहालय बंद असतं, म्हणून गुरुवार सांगून ठेवलाय. दुर्बीण या वेळी आम्ही आमची नेणार.