कोंभाळण्याच्या वाटेवरचं परस

बीजमाता राहीबाई पोपेरे यांचं कोंभाळणे गाव पाहायचं फार दिवस मनात होतं. त्यांची गावरान बियाण्यांची बँक, २०२० साली जाहीर झालेली पद्मश्री, सगळं वाचलेलं. म्हणून अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले गावाहून सकाळीच निघालो. पण आज लिहायचंय ते वाटेतल्या एका महादेव कोळी वस्तीवरच्या परसाबद्दल. तिथे आम्ही नुसते पाणी प्यायला थांबलो होतो.

घरामागे जेमतेम गुंठाभर जागा. मोरीचं पाणी चरातून अळूला, तिथून केळीला, उरलंसुरलं शेवग्याच्या आळ्यात. मांडवावर वाल चढलेला, जांभळी फुलं आणि शेंगा एकदमच. मी शेंगांना हात लावला तशा मावशी म्हणाल्या, "ताई, चिंधी बांधलेल्या नका तोडू. त्या बियाच्या हायेत." नीट पाहिलं, तर सात-आठ भरघोस शेंगांना लाल चिंध्या! निरोगी वेलावर आधी धरलेल्या शेंगा वाळेपर्यंत तोडायच्या नाहीत, घरात कितीही नड असो.

मग राखेत बी ठेवलेलं गाडगं दाखवलं. तोंडावरचं शेणाचं लिंपण मात्र त्यांनी माझ्यासाठी फोडलं नाही. मला ते फार आवडलं. आढ्याला टांगलेला वाळका दुधी तेवढा हलवला. आत बिया खुळखुळल्या.

या डोंगराळ भागात हुकमी पीक म्हणजे पावसाळी भात. आषाढ-श्रावणात कणगीचा तळ दिसू लागतो. रेशनच्या धान्याने पोट भरतं, पण लेकराबाळांना, बाळंतिणीला नुसता भात पुरत नाही. तेव्हा रानातली कुरडू, भारंगी आणि परसातला अळू, दोडकाच कामी येतो. उन्हाळ्यात वाळवलेले वाल असतात.

मावशींनी एकदा काकडीचं संकरित पाकीट आणून लावलं होतं. त्या साली काकड्याच काकड्या. तिचंच बी धरून पेरलं, तर वेल नाना तऱ्हेचे निघाले. संकरित वाणाची पुढची पिढी आधीसारखी येत नाही. म्हणजे दरवर्षी नवं पाकीट, दरवर्षी रोख पैसे. आणि इथे रोख पैसा दिसतो तो बाहेरगावी मजुरीला गेल्यावरच. म्हणून परसबागेसाठी पाकिटं वाटली की काम झालं, हे मला पटत नाही. पुढच्या पेरणीला त्या घरात स्वतःचं बी आहे का, हे कुणीतरी जाऊन पाहायला हवं.

निघताना मावशींनी दुधीच्या पाच बिया माझ्या रुमालात बांधल्या. "पुढल्या साली धा आणून द्या," म्हणाल्या.