गोळ्या शाळेत मिळायच्या

2019 च्या पावसाळ्यात गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यातली 15 वर्षांची एक माडिया आदिवासी मुलगी आमच्याकडे रेफर होऊन आली. मी नागपूरच्या सरकारी रुग्णालयात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची समुपदेशक आहे. हिमोग्लोबिन 4.2, डोळे पिवळेजर्द, मांडीला हात लावू देईना. रक्त चढल्यावर संध्याकाळी कुठे ती बोलायला लागली.

दुखणं कुर्माघरात सुरू झालं होतं. पाळी आली की तिकडे बाईनं त्या वेगळ्या झोपडीत राहायचं. वरून पाऊस, खाली ओल, आणि सिकलसेलला गारठा म्हणजे वैरी. ती रात्रभर कण्हत होती. अंधार पडल्यावर गाडी काढायला कोणी धजेना. वाटेत नक्षलवाद्यांचं दलम भेटलं तर एक भीती, पोलिस भेटले तर दुसरी. उजाडलं तर पर्लकोटा नदीला पूर. पाणी उतरल्यावर तीनशेहून जास्त किलोमीटर नागपूर.

फाईल भरताना कळलं, धाकटा भाऊही एसएस पॅटर्नचाच, म्हणजे आई-बाप दोघांकडून सिकलसेलचा दोष आलेला. तो मात्र ठणठणीत. आई-बाप दोघे वाहक असले की दर बाळंतपणात चारात एक शक्यता, मुलगा असो की मुलगी. मग फरक कशानं पडला?

दोघं एकाच आश्रमशाळेत होती. सिकलसेलचं दुखणं आटोक्यात ठेवणाऱ्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या अधीक्षिका रोज समोर गिळायला लावायच्या. आदल्या वर्षी गावाजवळ चकमक झाली आणि बापानं मुलीला नववीतून काढून घरी आणलं. गोळ्या शाळेतच राहिल्या.

"दादा, पोराला नाही काढलं?" मी विचारलं.

"पोरगा शिकला तं नोकरी लागंल, मॅडम. पोरगी मोठी झाली. दादालोक म्हणतात दलममध्ये पाठव. पोलिस विचारतात, कुठं गेलती? घरी असली तं डोळ्यासमोर असते."

त्याची भीती खरी होती. त्याला बोल लावायला माझी जीभ उचलेना. पण त्या भीतीची किंमत एकटी मुलगी भरत होती, याचा मला आजही संताप येतो. शिक्षण हक्क कायद्याचा आधारही 14 व्या वर्षापर्यंतच.

मी अधीक्षिकेला फोन लावला. मुलीचं नाव पटावर होतं. त्या म्हणाल्या, "पाठवा, दहावीपर्यंत मी ठेवते." बाप बराच वेळ गप्प राहिला. मग दिवाळीनंतर बघू म्हणाला. मुलगी तेवढ्यात माडियात काहीतरी ठासून बोलली. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "ती म्हणते, आत्ताच जातो."

डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांखाली मी शाळेचं नाव लिहिलं आणि दोघांकडून ते वाचून घेतलं.